येते म्हणाली होती

गावोगावची पोरं मला ताई म्हणतात ते तोंडावर. पाठ फिरली की मी ‘शेवटची तारीख’. स्कूटी गावात घातली की नाक्यावर बसलेला एखादा हमखास ओरडतो, “ए, शेवटची तारीख आली रे!” आणि बाकीचे खिदळतात. मला राग येतो, पण त्यांचं काही चुकत नाही. पेणपासून रोह्यापर्यंतच्या खेड्यांतल्या तरुण मुलामुलींसाठी आमची संस्था जे काही करते, म्हणजे पेणचं प्रथमोपचार शिबिर, गडबच्या कबड्डी स्पर्धा, रोह्याचं निवासी प्रशिक्षण, जिल्ह्याच्या मेळाव्याची नावनोंदणी, त्या प्रत्येकाला एक शेवटची तारीख असते आणि ती लोकांच्या डोक्यात घालायचं काम माझं. मी ग्रुपवर लिहिते, ‘उद्या शेवटचा दिवस’. खाली अंगठ्यांची रांग लागते. दुसऱ्या दिवशी कोणी फिरकत नाही. तिसऱ्या दिवशी फोन येतो, “ताई, एक दिवस वाढवून मिळेल का?” मग मी जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र शेवटची तारीख माझ्याच मानगुटीवर बसली.

रोह्याला मुलींसाठी वीजजोडणी आणि पंपदुरुस्तीचा वर्ग पहिल्यांदाच सुरू व्हायचा होता. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं, आणि शेवटी हातात प्रमाणपत्र. मुलांचे असे वर्ग दरवर्षी होतात. मुलींचा व्हावा म्हणून मी आमच्या साहेबांच्या टेबलासमोर इतक्यांदा भांडले होते की ते मला बघितलं की आधी चष्मा काढून ठेवायचे. साहेब म्हणजे संस्थेच्या रोह्याच्या कामाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण नियमावर बोट ठेवून चालणारा. शेवटी त्यांनी वरून मंजुरी आणली ती एका अटीवर. वर्ग सुरू होण्याच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ठरलेल्या सगळ्या मुलींचे अंगठे आधारला जोडलेल्या हजेरीच्या मशीनवर उमटले पाहिजेत. एक जरी कमी पडला तरी वर्ग रद्द, आणि जागा मुलांच्या वर्गाला. “कारणं वर चालत नाहीत,” साहेब म्हणाले. मी म्हटलं, “कारण द्यायची वेळच येणार नाही.” मोठा तोरा होता माझा.

तो सोमवार होता. दुपार व्हायच्या आत पत्र्याच्या हॉलमध्ये मुली जमल्या. कोणी कोलाडकडच्या, कोणी नागोठण्याकडच्या, दोघी गडबच्या. पिशव्या, गाद्यांच्या वळकट्या, सोडायला आलेले भाऊ, “पंखा चालतो का हो?” विचारणाऱ्या आया. मी यादीवर खुणा करत होते. एका नावापुढची जागा कोरी राहिली. ते नाव डोलवीच्या पलीकडच्या, खाडीकाठच्या एका गावातल्या मुलीचं होतं.

ही मुलगी मला पेणच्या शिबिरात भेटली होती. बाकीच्या पोरी बँडेज कसं बांधायचं ते विचारत होत्या आणि ही विचारत होती की शॉक लागलेल्या माणसाला सोडवण्याआधी मेन स्विच कुठला ते अंधारात कसं ओळखायचं. तिच्या घरचे मिठागरात काम करतात. तिकडे आता मोजकीच मिठागरं उरली आहेत. खाडीचं पाणी आत घ्यायला पंप आहे, तो सारखा बंद पडतो, आणि पेणचा मेकॅनिक त्याला वाटेल तेव्हा उगवतो. “तवर आमी आकाशाकडं बगत बसायचं,” ती म्हणाली होती. तिला तो पंप उघडून बघायचा होता. इतकी साधी, इतकी नेमकी इच्छा घेऊन माझ्याकडे फारसं कोणी आलेलं नाही. बहुतेकांना प्रमाणपत्र हवं असतं. हिला पंप हवा होता. हा वर्ग मी सगळ्यांसाठी मागितला खरा, पण मागताना डोळ्यांसमोर हीच होती, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

तिच्या आईच्या मोबाइलवर फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तेवढ्यात साहेबांचा आला. माझ्या फोनचा कानाला लावायचा स्पीकर बिघडलाय, त्यामुळे प्रत्येक फोन मोठ्यानेच ऐकावा लागतो. साहेब काय बोलले ते सगळ्या हॉलने ऐकलं.

“सगळ्या आल्या का?”

“एक यायचीय.”

“यायचीय की येणार नाहीये?”

“येते म्हणाली होती, साहेब. मी स्वतः ऐकलंय.”

फोन ठेवला तर समोर मास्तर उभे. मास्तर म्हणजे वायरिंग शिकवायला घेतलेले पेणचे निवृत्त शिक्षक. जन्म खारेपाटातला, म्हणजे त्या खाडीकाठच्याच पट्ट्यातला, बोलणं तोलूनमापून. हातातला टेस्टर शर्टाच्या खिशाला अडकवत त्यांनी विचारलं, “येते म्हणाली, ती कुठं उभी राहून?”

“म्हणजे?”

“तुम्ही येशील ना विचारलंत, तेव्हा ती काय करत होती? बसली होती का चालली होती?”

मी आठवून बघितलं. शनिवारी मी तिच्या दारात गेले होते. ती आणि तिची आई मिठागरावर निघाल्या होत्या. आई ओट्याखाली उतरली होती. मुलीने डोक्यावर घमेलं घेतलं होतं, अंगणात पाठमोरी झाली होती. मी म्हटलं, “सोमवारी येशील ना गं?” तिने मान किंचित वळवली, “येते हां ताई,” म्हणाली आणि गेली.

आपल्याकडे निघताना जाते कोण म्हणतं? मयताच्या घरून निघतानाच काय तो ‘येते’ हा शब्द गिळतात. एरवी शेजारी साखर मागायला जाणारीही उंबऱ्यातून ‘येते’ म्हणूनच पाय काढते. तिने मला होकार दिला होता की नुसता निरोप घेतला होता? मास्तर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. “मग निघा,” ते म्हणाले. “इथं मी बघतो.”

मी निघाले. राग कोणावर काढावा तेही कळेना. तिच्यावर काढावा तर ती कदाचित खोटं बोललीच नव्हती. स्वतःवर काढायची मला सवय नाही. मग मी तो रस्त्यावर काढला. नागोठण्यानंतरचा हायवे मी शाळेत होते तेव्हापासून होतोय आणि अजून होतोच आहे. एका बाजूला सिमेंट, एका बाजूला खड्डे, मध्येच बाण दाखवणारा फलक आणि त्या बाणाच्या दिशेला मातीचा ढीग. ट्रेलरच्या मागे अडकले की धूळ खायची आणि पुढे काढला की समोरून दुसरा. गडबच्या दुकानांपाशी पाणी घ्यायला थांबावं असं वाटलं, थांबले नाही. एकदा आरशात बघितलं. मागे, डोंगराच्या बाजूला, आभाळ काळवंडलं होतं. एप्रिलमध्ये असं काही होतं तेव्हा आम्हा रोह्याकडच्या वालवाल्यांना फारशी काळजी नसते, वाल तोवर घरात आलेले असतात. मी ते आभाळ बघितलं आणि लगेच विसरले.

डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्या डावीकडे दिसायला लागल्यावर मी आत वळले. गावात तिच्या घराला कडी होती. शेजारची म्हातारी म्हणाली, “समदी मिठावर गेलीत. वर बगितलंस का नाय?” आणि तिने हनुवटीने आभाळ दाखवलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाऊस आला तर वाफ्यांत तयार झालेलं मीठ पाण्यात जातं. गोळा करून रास लावून झाकलं तरच वाचतं. आख्खं गाव खाडीवर होतं ते त्यासाठी.

बांधावरून स्कूटी जाईना. ती सोडून मी चालत गेले. पांढऱ्या वाफ्यांत बाया वाकून लाकडी फळीने मीठ ओढत होत्या, दुसऱ्या घमेली भरून बांधावरच्या राशीवर ओतत होत्या. कोणी बोलत नव्हतं. नुसता फळ्यांचा खरखर आवाज. ती मला लांबूनच दिसली, ओढणी कमरेला बांधलेली, पाय घोट्याच्या वर पांढरे. तिनेही मला बघितलं. हातातलं घमेलं तिने खाली ठेवलं नाही, पण पाऊल थांबलं.

“तू येते म्हणाली होतीस!” मी बांधावरूनच ओरडले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एवढ्या लांबून धूळ खात आल्यावर माझ्या तोंडून दुसरं काही निघणं शक्य नव्हतं.

तिच्या आधी तिची आई सरळ झाली. कमरेवर हात ठेवून तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “शनिवारची वालाची शेंग ना गो ही?” ती शेजारणीला म्हणाली. दोघीतिघी हसल्या. मी बारीक आहे आणि रोह्याकडची आहे, एवढं त्यांना पुरलं.

मी सगळं सांगितलं. वर्ग, अट, पाच वाजता, एक अंगठा कमी, इतर मुली हॉलमध्ये बसल्यात. भराभरा आणि जरा चढ्या आवाजात सांगितलं. आईने मध्ये एक प्रश्न विचारला नाही. मुलगी जमिनीकडे बघत होती. माझं बोलणं संपल्यावर आईने आभाळाकडे बघितलं, मग अर्ध्या झालेल्या राशीकडे.

“रास लागल्याबिगर हितनं कोन हलनार नाय,” ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

“अहो, पण उशीर होईल! इथून पोचायलाच किती वेळ—”

“ऐकलं गो बाय. कान हायत.”

संपलं. मुलीने घमेलं उचललं आणि निमूट चालू लागली. मी बांधावर उभी. मला त्या बाईचा भयंकर संताप आला. मला कळत होतं की हे त्यांचं वर्षाचं मीठ आहे. बाप कारखान्यात ठेकेदाराकडे, त्याची दिवसपाळी, म्हणजे हात हे दोघींचेच. सगळं कळत होतं, तरी मला वाटत होतं की ही मुद्दाम करतेय. पाच वाजून जाऊ देणार, मग म्हणणार, राहिलं, काय करणार. असल्या आया मी पुष्कळ बघितल्यात. नाही म्हणत नाहीत. नुसता वेळ घालवतात.

मी चपला काढून वाफ्यात उतरले, एक फळी उचलली. दोन हात ओढले नाहीत तोच आई करवादली, “तू नको गो, चिखल वर काडतेस! मीठ काळं करशील. बस तिकडं.” बांधावर एक पेंढ्याची झोपडी होती, तिच्या सावलीत मी बसले. टाचांच्या भेगांत मीठ गेलं होतं, आग आग होत होती. त्यात फोन वाजला.

“कुठं आहात?” साहेब.

“घेऊन निघतेच आहे.”

“मुलांच्या वर्गाचे लोक चौकशी करतायत. मी पाचपर्यंत थांबतो. पुढे मला सांगू नका.”

हा संवादही सगळ्या मिठागराने ऐकला, माझ्या फोनची कृपा. कोणी मान वर केली नाही. फक्त आईच्या फळीचा आवाज वाढला. बाकीच्या बाया एक ओढ घेत होत्या तेवढ्यात तिच्या दोन होत होत्या. पदराने तोंड पुसायलाही ती थांबत नव्हती. शेजारीण म्हणाली, “जरा दमानं, गो. छातीत भरंल.” तिने ऐकलं नाही. मला वाटलं, आभाळाला भ्यायली. आणि खरंच, काळोखी आता कारखान्याच्या चिमण्यांच्या मागे येऊन ठेपली होती. वारा पडला होता. आमच्या अंगावर मात्र अजून चक्क ऊन होतं.

किती वेळ गेला ते मी मोजत होते, आणि मोजून उपयोग नव्हता म्हणून चिडत होते. रास वाढत होती पण वाफ्यांत मीठ अजून बरंच होतं. आता निघालो तर पोचू, या क्षणाच्या पुढे नाही, असा एक क्षण आला. मी उठले. मनात एक वाक्य तयार केलं होतं, फार वाईट वाक्य होतं ते, एका आईला कोणी म्हणू नये असं.

ते तोंडातून निघायच्या आत आईने फळी टाकली. तरातरा माझ्याच दिशेने आली. मला वाटलं आता ही मला हाकलते. ती माझ्या बाजूने झोपडीत शिरली, रिकाम्या पोत्यांचा ढीग बाजूला केला आणि त्याच्याखालून एक कॉलेजची बॅग काढली. भरलेली, चेन लावलेली.

मुलगी वाफ्यातच खिळली. “आये…”

“सकालीच बगितली,” आई म्हणाली. “मला काय डोले नायत?” तिने बॅगेवरचा पेंढा झटकला. “चल. नीघ.”

“रास?”

“मी लावते.”

“एकटी? आये, आभाळ बग की. अर्धं मीठ खाली हाय.”

“तुला विचारलं का मी?”

मुलगी बांधावर आली. तिच्या हाताला, कोपरापर्यंत, मिठाचे कण चिकटलेले. बॅग घेतली, खांद्याला लावली. तिला रडू येत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती. स्कूटीकडे चार पावलं टाकून ती वळली आणि जन्मभराच्या सवयीने म्हणाली, “येते गो आये.”

“येते नको म्हनू,” आई म्हणाली. “जा.”

बाजूच्या वाफ्यातल्या बाईने जीभ चावली. “अगो, असं बोलू नये. पोर भायेर पडतेय. ये म्हन.”

“नाय म्हनत. आमी समद्या येते येते म्हनत हितंच ऱ्हायलो.” तिने परत फळी उचलली होती. “जा गो. जा म्हंजे जा.”

मुलीने आईकडे बघितलं आणि अगदी हळू, जणू कोणाच्या तरी अंगावर पडेल म्हणून जपून, म्हणाली, “जाते.” आई वाकली होती. तिने ऐकलं की नाही मला माहीत नाही. मला मात्र माझं ते तयार केलेलं वाक्य आठवलं आणि शरमेने कानशिलं तापली.

हायवेला लागल्यावर मी विचारलं, “शनिवारी तू येते म्हणालीस, ते कुठलं?”

“दोन्ही,” मागून आवाज आला. “आई उभी होती ना. तिला एक ऐकू जाईल, तुमाला एक.” थोड्या वेळाने म्हणाली, “आज मिठावरनंच गपचूप निघनार होते. बॅग ठेवली होती. तवर आभाळ आलं.”

गडब गेलं. नागोठणं गेलं. आता आम्ही त्या काळोखीच्या पोटात शिरत होतो, कारण ती आमच्या समोरून येत होती. निडीजवळ पहिला सपकारा बसला. टपोरे, थंड थेंब. थांबून आडोशाला उभं राहायची वेळ नव्हती. चष्म्यातून काही दिसेना, तो काढून मी तिच्या हातात दिला. आरशात मला तिचा चेहरा दिसेना. ती पुढे बघतच नव्हती, मान पूर्ण मागे वळवून बसली होती.

“तिकडं अजून ऊन हाय, ताई,” ती म्हणाली. “खाडीवर ऊन हाय अजून. लावंल ती रास.”

“लावेल,” मी म्हटलं. ढग कुठल्या दिशेने चाललेत ते आम्हा दोघींनाही दिसत होतं.

हॉलवर पोचलो तेव्हा साहेब दारात घड्याळ बघत उभे होते. ओल्या अंगाने ती मशीनपुढे गेली, अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल दिवा आणि त्या मशीनमधल्या बाईचा आवाज, कृपया पुन्हा प्रयत्न करा. मिठात लहानपणापासून हात घातलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा मशीनला दिसत नाहीत. हे मी ऐकून होते, पण ऐन वेळी कोणाला आठवतंय! उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी. लाल, लाल, लाल. हॉलमधल्या मुली भोवती गोळा झाल्या. कोणी म्हणालं तेल लावा, कोणी म्हणालं पुसा. ती बोट जोरजोरात दाबायला लागली तसं मशीन आणखीच ओळख दाखवीना.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. तिचा डावा हात धरून त्यांनी एकेक बोट कोरडं केलं, लहान मुलाचं पुसतात तसं. “करंगळी ठेव,” ते म्हणाले. “दाबू नको. नुसती ठेव.”

हिरवा दिवा लागला. पाच वाजायला अजून जेमतेम श्वास घेण्याइतका वेळ होता. मुलींनी आरडाओरडा केला, मास्तरांनी टेस्टर हवेत उंचावला आणि मी खुर्चीत बसले. वर्ग सुरू झाला होता. आता तो कोणी बंद करू शकत नव्हतं. साहेब ओला रुमाल घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, “कारण द्यायची वेळ येणार नव्हती ना?” मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं नाही.

तेवढ्यात पावसाचा जोर वाढला. पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मुली खिडक्यांशी धावल्या. उन्हाने करपलेल्या त्या दिवसात तो गारवा त्यांना हवाच होता. हात बाहेर काढून एकमेकींच्या तोंडावर पाणी उडवत होत्या. ही एकटी खिडकीकडे गेली नाही. ती माझ्याकडे आली. “ताई, आईला एक फोन लावाल?”

मी लावला. या वेळी लागला. मी फोन तिच्या हातात दिला, पण स्पीकरला इलाज नव्हता. मास्तरांनाही ऐकू आलं, मलाही.

“पोचलीस गो?” आईचा आवाज. धाप लागलेली.

“पोचले. अंगठा नाय लागला, करंगळी लागली. आये, रास?”

“लागली रास. झाकली बी.”

“आनि पाऊस?”

आई क्षणभर थांबली. त्या थांबण्यात पलीकडचं सगळं ऐकू आलं. प्लास्टिकवर तडातडा पडणारं पाणी, वाऱ्याने फडफडणारं एखादं टोक, आणि लांबून कोणीतरी बाई जिवाच्या आकांताने ओरडत होती, “धर गो, तिकडनं धर, चाललं समदं!”

“हितं पाऊस नाय,” आई म्हणाली. “ऊन हाय हितं. तिकडं?”

मुलीने वर पत्र्याकडे बघितलं. तिच्या केसांतून पाणी निथळत होतं.

“हितं बी नाय, आये,” ती म्हणाली, आणि ओल्या ओढणीने फोन पुसून तिने तो माझ्या हातात दिला.